अरबी कुणा एकाची नव्हे

अरबी म्हणजे मुसलमानांची भाषा, हा आपल्याकडचा सरसकट समज. अरब ख्रिस्तीही देवाला ‘अल्लाह’च म्हणतात, हे फार थोड्यांना ठाऊक असते. १८६५ मध्ये बैरूतला पूर्ण झालेल्या अरबी बायबलची भाषा तपासून देणारे शेख युसूफ अल-असीर हे तर अल-अझहरमध्ये शिकलेले मुस्लिम आलिम होते.

या वारशाचे ख्रिस्ती उपग्रह वाहिन्यांनी काय केले? ‘सॅट-७’ १९९६ पासून अरबीत प्रक्षेपण करते. दुसऱ्या धर्मावर टीका न करण्याचे पथ्य ती पाळते. सीरियातील युद्धात ज्यांची शाळा सुटली, त्या मुलांसाठी तिने अरबीचे, गणिताचे धडे दाखवले. ‘अल-हयात’वर मात्र २००३ पासून काही वर्षे इजिप्तचे कॉप्टिक धर्मगुरू झकरिया बुत्रुस कुरआन-हदीसची उलटतपासणी करत राहिले. प्रश्न विचारायला हरकत नाही. प्रश्नांनी श्रद्धा मोडत नाही. पण हरवण्यासाठी विचारलेल्या प्रश्नात उत्तर ऐकून घेण्याची इच्छा नसते. बायबलमधील विसंगती मोजून टाळ्या घेणाऱ्या अहमद दीदात यांच्या सभांतही हाच दोष होता, हे आपण मान्य केले पाहिजे.

मराठीत लिहिणाऱ्या मुसलमानाला ‘तुमची भाषा उर्दू ना?’ असे अजून विचारले जाते. मग अरब ख्रिस्त्याचे दुखणे आपल्याइतके कुणाला कळेल? भाषेवरचा हक्क वाद जिंकून सिद्ध होत नाही. शाळा हरवलेल्या मुलाला अरबीत धडा देणारा कार्यक्रम तो अधिक नीट सिद्ध करतो.