‘गुलाबी बोंडअळी’ : एका नावाची चिकित्सा

किडीचे नामकरण हा भाषेच्या अभ्यासकाने उपेक्षावा असा विषय नव्हे. बीडसारख्या कापूस पिकविणाऱ्या जिल्ह्यात तर नव्हेच. गेवराई-माजलगावकडील शेतकऱ्यास परिचित असलेले ‘गुलाबी बोंडअळी’ हे नाव मराठीच्या प्रकृतीस धरून आहे. तथापि बोधाच्या कसोटीवर ते उणे ठरते, असे म्हणावे लागते.

या किडीची प्रौढावस्था म्हणजे राखाडी-तपकिरी, पंख पसरूनही दोन सेंटिमीटरांहून क्वचितच मोठा भरणारा पतंग. दिवसा तो दडून राहतो, रात्री उडतो. मादी पाते, फुले व कोवळी बोंडे यांवर अंडी घालते. साधारण चार-पाच दिवसांत निघणारी अळी पांढुरकी असते व लवकरच आत शिरते. गुलाबी रंग तिला वाढीच्या उत्तरार्धात येतो. पुढे जमिनीत वा पाचोळ्यात कोष आणि कोषातून पुन्हा पतंग. हंगामाअखेरच्या अळ्या मात्र सरकीत महिनोन्‌महिने सुप्त राहतात.

म्हणजे ‘बोंड’ व ‘गुलाबी’ ही दोन्ही पदे फवारणी जेथे पोहोचत नाही त्या अवस्थेची निदर्शक होत. उपायाची वेळ सांगणारा पतंग नावात कोठेच नाही. सल्लापत्रके मात्र सापळ्यात सलग तीन रात्री प्रत्येकी आठ पतंग आढळल्यास उपाय योजण्यास सांगतात. त्या सापळ्याचे ‘कामगंध’ हे नावही असेच. बोलीत ‘काम’ म्हणजे कष्ट. नर पतंगांना ओढणारा मादीचा गंध हा अर्थ त्यातून सहज उमगत नाही.

याउलट ‘डोमकळी’ हा शब्द पाहावा. अळीने पाकळ्या गुंतवल्यामुळे न उमललेले फूल तो नेमके दाखवितो आणि बोंड पोखरले जाण्यापूर्वीच सावध करितो.

नाश करणाऱ्या अवस्थेवरूनच नाव पडते, हा आक्षेप रास्त आहे. म्हणून रूढ नाव बदलावे, असा आमचा आग्रह नाही. पत्रकातील विवेचनाचा क्रम बदलावा, एवढेच म्हणणे आहे. २००६ पासून प्रचारात आलेल्या दोन जनुकांच्या बीटी वाणांवरही २०१७ साली महाराष्ट्रात या किडीने मोठी हानी केली. बियाण्यावरील भिस्त सुटल्यावर शेतकऱ्याची नजर हेच पहिले साधन उरते. त्या नजरेस आधी पतंग, मग डोमकळी व शेवटी अळी दाखविणे, आणि फरदड का घेऊ नये हे सुप्त अळीवरून समजाविणे, हे पत्रकाच्या भाषेचे कर्तव्य होय.