ओसरणारे पाणी, न ओसरणारे पाणी: ‘कणा’ पुन्हा वाचताना

कुसुमाग्रजांची ‘कणा’ महाराष्ट्राला इतकी पाठ आहे की ती वाचायची राहून जाते. निरोप समारंभात, भाषणाच्या शेवटी ती म्हटली जाते ती जिद्दीची कविता म्हणून. मुळात ती सर्वस्व गमावल्याची कविता आहे, आणि ते गमावणे सांगण्याची तिची रीत मला जिद्दीहून महत्त्वाची वाटते. शहापूर-मुरबाड भागात ती शिकवताना या रीतीचे बळ मला दिसले, तशी तिची मर्यादाही.

आधी घाट पाहू. यमकांनी बांधलेल्या सात जोडओळी. पुरात घर गेलेला जुना विद्यार्थी भर पावसात सरांकडे येतो, झाले ते सांगतो आणि उठतो, एवढाच प्रसंग. जवळजवळ सगळे बोलणे त्याचे. सरांच्या तोंडी एकही वाक्य नाही. खिशाकडे जाणारा हात तेवढा दिसतो. नुकसान सांगणारी क्रियापदे भूतकाळी आणि तुटक आहेत. भिंत, चूल, घरातले सारे एका दमात संपते. मग काळ बदलतो. भिंत उभारणे, गाळ काढणे हे सगळे चालू वर्तमानकाळात येते. म्हणजे सरांकडे येण्याआधीच काम सुरू झालेले आहे. त्याला आशीर्वाद हवा आहे तो सुरुवात करण्यासाठी नव्हे; आपले चालले आहे ते आपल्या माणसाने पाहावे यासाठी.

सूर मात्र हसरा आहे. नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतात. ही गंगा घरात पाहुणी येते, माहेरवाशिणीसारखी बागडते. आपल्याकडे गौरीचीसुद्धा पाठवणी रिकामी होत नाही. त्या रीतीने पाहिले तर नदीने लुटले नाही, घराने लेकीला दिले. आणि तिने डोळ्यांत ठेवलेले पाणी हा प्रसाद. या विनोदाने दुःख झाकले जाते, असे म्हणता येईल. मला वाटते, त्याने माणसाची पत राखली जाते. पूरग्रस्ताला सगळे घेणारा समजतात. हा बोलता बोलता देणारा होतो. म्हणूनच खिशाकडे गेलेला हात त्याला नको असतो. तिथे थट्टा थांबते आणि एकटेपणाची कबुली येते, तीही हातचे राखून.

कसारा घाट उतरून ही कविता शहापुरात आली की एक अडचण उभी राहते. पूर इथल्यांना नवा नाही. २६ जुलै २००५ ला उल्हास खोऱ्याने तो भोगला आहे. पण या तालुक्यांत पाणी दुसऱ्या वाटेनेही घरात शिरले. १८९२ चे तानसा, नंतरचे भातसा, मुरबाडच्या अंगाला बारवी. मुंबईच्या रोजच्या पाण्यातला जवळपास निम्मा वाटा एकट्या भातसाचा, आणि शहापूरच्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर. धरणग्रस्त घरातल्या एका विद्यार्थिनीने मला वर्गात विचारले होते, “सर, पाणी गेलंच नाही तर?”

या प्रश्नाने रूपकाचे मर्म उघडे पडते. माहेरवाशीण चार दिवस राहते आणि जाते. या जाण्यातच कवितेचा दिलासा आहे. पाणी ओसरले म्हणून गाळ उरतो, आणि पडली तिथेच भिंत पुन्हा बांधता येते. जलाशयाचे पाणी मुक्कामाला येते. तिथे गाळ काढायला अंगण नसते, भिंत बांधायला जागा नसते. अशा माणसाला ‘कणा’ ऐकवून ताठ राहा म्हणणे म्हणजे कवितेचा गैरवापर. पैसे नाकारण्याचा हक्क कवितेत गमावणाऱ्याचा आहे. देणे लागणाऱ्याने तो आपल्या सोयीसाठी वापरू नये.

कविता मागणीवर संपते. पाठीवर हात पडला की नाही, ते कुसुमाग्रज सांगत नाहीत. सरांचे उत्तर वाचकाने द्यायचे आहे. नाशिकच्या त्या विद्यार्थ्याला धीराचा एक शब्द पुरेल. तानसा-भातसाच्या काठी ते उत्तर जमिनीच्या आणि पाण्याच्या हिशेबासकट द्यावे लागेल.