नाक्यावरची पावती

कनेरगाव नाक्याच्या नावातून नाका अजून गेलेला नाही. हिंगोली निजामाकडे आणि वाशिम वऱ्हाडात होतं, तेव्हाची ही शीव. आता गाड्या थांबतात त्या चहासाठी. मागच्या खेपेला मी थांबलो ते ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्या एका दुकानात. भिंतीवर चार अँटेनांचा नवा राउटर, खाली पोरांची गर्दी. दुकानदार वैतागलेला. "अँटिना चार हायेत सर, पण फारम काई पुढं सरकंना."

त्याच्या तक्रारीत दोन संहितांचं भांडण आहे. दोन्ही रूक्ष समजल्या जातात, मला मात्र त्या पुन्हा पुन्हा वाचाव्याशा वाटतात.

पहिली म्हणजे १९९४ सालचं अमेरिकी पेटंट, क्रमांक ५३४५५९९. त्यावर नावं दोन. आरोग्यस्वामी पॉलराज आपल्या नौदलातले, लोणावळ्याच्या नौदल अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेले. थॉमस कैलथ जन्माने पुण्याचे, १९५६ला तिथल्याच इंजिनिअरिंग कॉलेजातून बाहेर पडलेले. दोघांची गाठ पडली स्टॅनफर्डला. कल्पना अशी, की मजकूर फोडून त्याच्या धारा करायच्या आणि वेगवेगळ्या जागांवरून, एकाच वेळी, एकाच फ्रिक्वेन्सीवर सोडायच्या. म्हणजे उघडउघड गोंगाट! पण ऐकणाऱ्याकडेही अनेक अँटेना असतात. प्रत्येकीच्या कानी पडणारी सरमिसळ थोडी निराळी. शाळेतली एकसामयिक समीकरणं आठवा: अज्ञात दोन, समीकरणं दोन, उत्तर निघतं. अट एवढीच, की दुसरं समीकरण पहिल्याची नक्कल नको. पेटंटात विचार प्रसारणाचा होता. पुढे वाय-फायने तो घरात आणला तेव्हा ही अट कुणी पुरी केली? भिंतींनी, पत्र्यांनी, कपाटांनी. लहरी त्यांच्यावर आपटून वेड्यावाकड्या वाटांनी येतात, म्हणून समीकरणं वेगळी पडतात. उघड्या शिवारात, दूरवर, सरळ नजरेच्या टप्प्यात ती जवळजवळ सारखी होतात आणि धारा सुट्या करणं अवघड जातं. ज्या अडथळ्यांना रेडिओवाले पिढ्यान्‌पिढ्या शिव्या घालत आले, तेच इथे कामाला जुंपलेत. या रचनेतली ही माझी सर्वांत आवडती जागा.

दुसरी संहिता वाय-फायच्या बारी लावण्याच्या नियमाची. हवा मोकळी दिसली तरी लगेच बोलायचं नाही. ३४ मायक्रोसेकंद थांबायचं, ० ते १५मधला एक आकडा मनाशी धरायचा, नऊ-नऊ मायक्रोसेकंदांनी तो उतरवत न्यायचा. मध्येच दुसरं कुणी बोललं तर मोजणी थांबवायची, पण मोडायची नाही. पुढच्या वेळी तिथूनच पुढे. टक्कर झाली तर आकड्यांचा पल्ला दुप्पट करायचा. स्वतः बोलत असताना दुसऱ्याचं ऐकू येत नाही, म्हणून पलीकडून पोच आली तरच निरोप पोचला म्हणायचा. वर बसून हुकूम सोडणारं कुणी नाही. एसटीच्या दारात आपल्याला जे जमत नाही, ते या यंत्रांना जमतं.

पण या सभ्यतेला वेळ लागतो. ढोबळ हिशेब करू. थांबणं, मोजणं, सुरुवातीची ललकारी आणि पोच मिळून दर खेपेला साधारण १६५ मायक्रोसेकंद जातात. पंधराशे बाइटचं पाकीट जुन्या ५४ मेगाबिटच्या वेगाने न्यायला २२२ लागायचे. २००९च्या वाय-फाय नियमावलीत चार धारा आल्या, कमाल वेग ६०० मेगाबिट झाला, पाकीट २० मायक्रोसेकंदांत जाऊ लागलं. नाक्यावरच्या पावतीसारखे हे १६५ मात्र तसेच! रस्ता अकरा पट रुंद, पदरात पडलेला वेग जेमतेम दुप्पट: ३१चे ६५ मेगाबिट. तोड त्याच नियमावलीत आहे आणि ती कुणाही आडत्याला सुचेल अशी आहे. चाळीसेक पाकिटं एकाच गाडीत भरा, बारी एकदाच लावा, पोचही सगळ्यांची मिळून एकच घ्या. मग पाचशेच्या आसपास पोचता येतं.

मग दुकानात काय अडलं होतं? एक तर पोरांच्या फोनमध्ये अँटेना एक-दोनच. ज्या बाजूला अँटेना कमी, तिच्या हिशेबाने धारा ठरतात. आणि दुसरं, नियम बारी सारखी देतो, वेळ नव्हे. लांबच्या, क्षीण सिग्नलवरच्या फोनचं पाकीट बैलगाडीच्या चालीने जातं आणि तेवढा वेळ मागे सगळे खोळंबतात. मी बाहेर पाहिलं. रस्त्यापलीकडे लिंबाखाली एक पोरगा पिक्चर उतरवत बसला होता. दुकानदाराला दाखवला.

"ये रे, आत ये," तो ओरडला. "तिकडून वढू नको, इथं बसून वढ."