रोझॅनचा पांढरा गाभा

रोझॅन या जिरेनियमची निळाई लांबूनच नजरेत भरते, आणि बहुतेक माणसं तेवढ्यावर समाधान मानून पुढे जातात. हे फूल वाकून बघावं लागतं. जांभळट निळ्या पाच पाकळ्या आत येता येता फिक्या होतात आणि तळाशी पांढऱ्या पडतात. त्या पांढऱ्यावरून गडद शिरा मध्याकडे उतरतात, आणि मध्यात काळपट निळे परागकोश. पाच-सहा सेंटिमीटरच्या फुलात एवढाच ऐवज. पण पांढरा भाग बोटाने झाकून बघा: उरलेला निळा रंग लगेच मंद वाटू लागतो.

शिरा आपल्यासाठी नाहीत, मधमाशीसाठी आहेत. मध कुठे आहे ते त्या दाखवतात. फुलांचा असा अर्थ लावणारा पहिला मोठा वाचक म्हणजे जर्मनीतला शाळामास्तर ख्रिस्टियान कोनराड श्प्रेंगेल. १७८७मध्ये याच कुळातल्या एका रानफुलाच्या पाकळीच्या बुडाशी त्याला मऊ केस दिसले. पावसाचं पाणी मधात मिसळू नये म्हणून ते असणार, असा त्याने तर्क केला. त्या केसांपासून सुरू झालेला शोध १७९३ साली परागीभवनावरच्या ग्रंथापर्यंत गेला.

रोझॅनला हा सगळा सरंजाम वारशाने मिळाला, पण तिला बी धरत नाही. तिच्या रानटी भाऊबंदांचं फळ लांब चोचीसारखं असतं. इंग्रजांनी त्याला क्रौंचाची चोच म्हटलं ते त्यावरून. चोच वाळली की तिच्या पाच पट्ट्या झटक्यात वर वळतात आणि बी दूर फेकलं जातं. रोझॅन संकरित आणि वांझ. बी पोसण्यात शक्ती जात नाही, म्हणून जूनमध्ये सुरू झालेला बहर पहिलं कडक दहिवर पडेपर्यंत चालतो. तिचा अखंड बहर आपण उत्साह समजतो. खरं तर तो कधीच पुरं न होणारं काम आहे.

१९८९ साली इंग्लंडमध्ये, सॉमरसेटमधल्या किल्व्ह गावी, डोनाल्ड आणि रोझॅन वॉटरर यांच्या बागेत हे रोप आपसूक उगवलेलं सापडलं. त्याचे दोन्ही जनक मूळचे हिमालयातले. एकाचं नावच हिमालयेन्स. मोठं फूल त्याच्याकडून आलं. दुसरं वॉलिचियानम, कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचे प्रमुख असलेले डॅनिश डॉक्टर नॅथॅनियल वॉलिच यांच्या नावाचं. पांढरा गाभा, उशिरापर्यंत फुलणं आणि जमिनीलगत लांब पसरणाऱ्या फांद्या ही त्याची देणगी. पावसाळ्यात उत्तराखंडच्या फुलों की घाटीत जाणाऱ्या आपल्याकडच्या ट्रेकर्सनी हे वॉलिचियानम पाहिलेलं असतं, नाव ठाऊक नसलं तरी.

२०००मध्ये ती बाजारात आली आणि २०१३ साली चेल्सीच्या पुष्पप्रदर्शनात लोकांनी मतं देऊन तिला शंभर वर्षांतली सर्वोत्तम वनस्पती ठरवलं. मला हा निकाल जरा जास्तच वाटतो. चार महिने एकच निळा बघून डोळा सरावतो, आणि जॉन्सन्स ब्लू या दुसऱ्या निळ्या जिरेनियमचा थोड्या आठवड्यांचा बहर संपल्यावर वाटते तशी हुरहुर रोझॅन कधी लावत नाही. पण तिची खरी खुबी सोबतीत आहे. फांद्या मुळं न धरता शेजारच्या झुडपात शिरतात, त्याच्या आधाराने वर येतात आणि भलत्याच ठिकाणी फुलतात. गुलाबाचे उघडे बुंधे झाकावेत ते तिनेच. एकटी लावली तर नुसता हिरवा पसारा दिसतो.

तिची मागणी माफक: निचरा होणारी जमीन, ऊन किंवा अर्धी सावली, दोन रोपांत अर्धा मीटर अंतर. भर उन्हाळ्यात पसारा विस्कटला की फांद्या निम्म्याने छाटाव्यात. काही आठवड्यांत ती पुन्हा भरते. उकाडा मात्र तिला मानवत नाही. फुलं कमी होतात, रंग उडतो. त्यामुळे पुण्या-नागपुरात तिच्या नादी लागू नये. आपल्या रोपवाटिकांत कुंडीतलं जिरेनियम म्हणून मिळतं ते पेलार्गोनियम, मूळचं दक्षिण आफ्रिकेचं. त्याला थंडी सोसत नाही, हिला थंडीच हवी.

हिवाळ्यात पाला पार वाळतो आणि वसंतात कोंब इतके उशिरा येतात की रोप मेलं समजून लोक तिथे दुसरं काही लावून टाकतात. जागेवर खुणेची काठी असावी. आणि बी नाही म्हटल्यावर जगातली प्रत्येक रोझॅन ही किल्व्हच्या त्या एका रोपाचाच अंश. आपल्याला वाढवायची असेल तर कोंब बोटभर झाले की गड्डा उकरायचा, धारदार सुरीने प्रत्येक तुकड्याला मूळ आणि डोळा येईल असा कापायचा, आणि त्याच दिवशी लावून पाणी द्यायचं.