निओबीच्या आकाशातील अपोलो : रिचर्ड विल्सन यांच्या एका निसर्गचित्राचा पुनर्विचार

अठराव्या शतकातील इंग्रजी निसर्गचित्रांमध्ये पुराणकथांतील पात्रे वारंवार आढळतात. बहुतेक ठिकाणी ती शोभेपुरतीच असतात. रिचर्ड विल्सन यांचे ‘निओबीच्या अपत्यांचा संहार’ हे चित्र मात्र या नियमास अपवाद आहे. लंडनच्या सोसायटी ऑफ आर्टिस्ट्सच्या १७६० च्या प्रदर्शनात ते मांडले गेले आणि विल्यम वूलेट यांनी १७६१ मध्ये केलेल्या त्याच्या उत्कीर्ण प्रतिकृतीमुळे व्यापक रसिकवर्गापर्यंत पोहोचले.

या चित्रावरील सर्वांत प्रसिद्ध आक्षेप सर जोशुआ रेनॉल्ड्स यांचा. रॉयल अकादमीतील १७८८ चे त्यांचे चौदावे व्याख्यान त्याच वर्षी निधन पावलेल्या गेन्सबरो यांच्याविषयी होते. आपल्या मर्यादा ओळखणारा कलावंत म्हणून गेन्सबरो यांचा गौरव करताना उलट उदाहरण म्हणून त्यांनी विल्सन यांचे नाव घेतले. विल्सन यांचा निसर्ग नित्याच्या निसर्गाच्या इतका जवळचा आहे, की देवदेवतांच्या आगमनाची त्यात पूर्वतयारीच नाही. पाहणाऱ्यास वाटते, की माणसे वीज पडून मेली, आणि चित्रकार मात्र तो दोष आकाशातील एका चिमुकल्या अपोलोच्या माथी मारतो, असा त्या आक्षेपाचा आशय. विल्सन १७८२ मध्येच वारले होते. उत्तर देण्यास ते हयात नव्हते.

रेनॉल्ड्स यांचे निरीक्षण अचूक आहे, हे प्रथमच मान्य केले पाहिजे. झंझावात, खडक, वाऱ्याने पिळवटलेली झाडे यांपुढे अपोलोची आकृती खरोखरच क्षुल्लक वाटते. प्रश्न त्या निरीक्षणावरून काढलेल्या निष्कर्षाचा आहे.

मूळ कथा ओव्हिडच्या ‘मेटामॉर्फोसिस’च्या सहाव्या सर्गात येते. थीब्जची राणी निओबी चौदा अपत्यांची माता. दोनच अपत्ये असलेल्या लॅटोनापेक्षा आपण थोर, असे ती बोलते. त्या एका उद्गारापायी लॅटोनाची मुले, अपोलो आणि डायना, निओबीच्या मुलांना बाणांनी मारतात. आता चित्रातून अपोलो काढून टाकून पाहावे. उरतो तो अपघात. वीज कोणाचे बोलणे ऐकून पडत नाही. तिला जाब विचारता येत नाही. अपोलो असला, की तोच मृत्यू शिक्षा ठरतो, आणि अपराधाच्या मानाने ही शिक्षा किती अवाढव्य आहे, हे दिसू लागते. निओबीच्या आक्रोशाला रोख मिळतो तो त्या चिमुकल्या आकृतीमुळेच. देव लहान आणि संहार प्रचंड, ही विसंगती विल्सन यांना अभिप्रेत होती की नाही, हे सांगणे अवघड. परंतु चित्रात ती आहे आणि ती अर्थपूर्ण आहे.

येथे रेनॉल्ड्स यांच्याच ‘हायमेनच्या स्तंभमूर्तीस सजविणाऱ्या तीन स्त्रिया’ (१७७३) या चित्राची आठवण होते. त्यात समकालीन घराण्यातील तीन भगिनी विवाहदेवतेच्या मूर्तीभोवती फुलांच्या माळा गुंफतात. तेथे देव दगडाचा आहे, म्हणून औचित्यभंग होत नाही, असा युक्तिवाद करता येईल. पण मग औचित्य म्हणजे देवाने निरुपद्रवी असणे, एवढाच अर्थ उरतो. विल्सन यांचा अपोलो निरुपद्रवी नाही. तो ओळखीच्या वाटणाऱ्या आभाळातून बाण सोडतो, आणि रेनॉल्ड्स यांना खटकले ते बहुधा हेच.