बलुते, रोकड आणि आडनाव

रोखविरहित व्यवहारांबद्दल अलीकडे मराठीत जे लिहिले जाते, त्यातले बरेचसे दोन गटांत पडते. एका गटाला त्यात भ्रष्टाचाराचा अंत दिसतो. दुसऱ्याला सरकारचा आणि भांडवलदारांचा आपल्या खिशावर रोखलेला डोळा दिसतो. दोन्ही बाजूंचे लेखक एक गोष्ट मात्र गृहीत धरून चालतात, की रोकड ही सर्वांच्या हातात एकाच अर्थाने आलेली वस्तू आहे. हे गृहीतच मला तपासायचे आहे. ज्यांच्या पूर्वजांना पिढ्यान् पिढ्या श्रमाचा मोबदला रोकडीत मिळालाच नाही, त्यांनी रोकडीच्या जाण्याकडे कोणत्या नजरेने पाहावे?

माझी आजी निरक्षर होती. तिच्या आयुष्यातील पहिली रोख मजुरी तिला १९७२ च्या दुष्काळात खडी फोडण्याच्या कामावर मिळाली. त्याआधी काम होते, पण मजुरी नव्हती. खळ्यावरचे धान्य होते, सणाचे शिळे होते, मयतीचा सांगावा पोचवल्याबद्दलची भाकर होती. कायद्याने वतने १९५८ सालीच रद्द केली होती, पण कायदा गावात पोचायला वेळ लागतो. आजी म्हणायची, "धान्य मागाया जाताना वाकावं लागायचं रे. पैसा घेताना कुणी वाक म्हनलं न्हाई." ती मजुरी घेऊन परगावच्या आठवडी बाजारात जायची. तिथे तिला कुणी ओळखत नव्हते. दुकानदाराने नोट घेतली, मीठमिरची दिली. कुणाची कोण, हे त्याने विचारले नाही.

बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात महार वतनासंबंधी विधेयक मांडले, त्यातला एक गाभ्याचा मुद्दा हाच होता: बलुत्याऐवजी रोख रक्कम ठरावी आणि ती सरकारने वसूल करून द्यावी. ते विधेयक मंजूर झाले नाही. पण त्याच्या पाच वर्षे आधी, १९२३ साली, लंडनमध्ये ज्यांचा 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' प्रसिद्ध झाला त्याच माणसाने हे विधेयक मांडले, हा योगायोग नव्हे. चलन किती काढावे याची मोकळीक राज्यकर्त्यांच्या मर्जीवर सोडू नये, कारण किमती चढल्या की पहिली झळ मजुरी करणाऱ्याला लागते, हे त्यांना दिसत होते. या ग्रंथाचा आपल्याकडे मुखपृष्ठाच्या छायाचित्रापुरता गौरव होतो. रुपया कसा चालतो आणि माणूस कुणापुढे वाकतो, हे दोन प्रश्न त्यांच्या लेखी वेगळे नव्हते, एवढे तरी आपण त्यांच्याकडून उचलायला हवे.

रोकड म्हणजे समता होती, असे मी म्हणत नाही. आपल्या स्वकथनांत वरून टाकलेली नाणी आहेत, पाणी शिंपडून उचललेली नाणी आहेत. पण त्या पाण्याचा अर्थ नीट पाहावा. पाणी शिंपडले की नाणे शुद्ध होई. माणूस होत नसे. म्हणजे नाण्याला जात चिकटत नाही, हे शिवाशीव पाळणाऱ्यालाही कबूल होते. एकदा गल्ल्यात पडले की ते कुणाच्या हातून आले हे सांगण्याची सोय नाण्यात नव्हती. नाण्याला स्मरण नव्हते.

आता पैशाला स्मरण आले आहे. आजच्या वादाचे मूळ मला इथे दिसते.

माझ्या एका विद्यार्थिनीची आई तालुक्याच्या बसस्थानकाजवळ सकाळी पोहे आणि इडली विकते. गाडीवर पाटी आहे, त्यावर नुसते 'काकूंचा नाश्ता'. क्यूआर कोड लावल्यावर सुट्ट्यांची कटकट मिटली, रात्री पैसे मोजायचे काम राहिले नाही. काही दिवस गिऱ्हाइकाच्या फोनवरही पाटीवरचेच नाव येत असे. एप्रिल २०२५ मध्ये नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने सर्व अॅपना कळवले, की पैसे घेणाऱ्याचे बँकेत नोंदलेले नावच दाखवावे. त्यासाठी ३० जूनची मुदत दिली. हेतू वाईट नव्हता. खोटी नावे लावून लुबाडणारे बरेच झाले होते. पण ती मुलगी तासानंतर माझ्याकडे आली आणि हळूच म्हणाली, "सर, आता आडनाव दिसायलंय." दोन नेहमीची गिऱ्हाइके येईनाशी झाली होती. ती त्याच कारणाने गेली, असे मी सिद्ध करू शकत नाही. तिलाही ते सिद्ध करता येत नाही. आपले निम्मे आयुष्य अशा सिद्ध न करता येणाऱ्या गोष्टींत जाते. अन्न विकणाऱ्या बाईला मात्र रोज सकाळी गिऱ्हाइकाचे डोळे फोनवर गेले की तो काय वाचतो आहे, हे कळते.

मी तिला बाबूराव बागुलांची 'जेव्हा मी जात चोरली होती' ही कथा वाचायला दिली. संग्रह १९६३ चा. त्यातला नायक रेल्वेच्या नोकरीसाठी परगावी जातो, जात लपवतो आणि ती उघडी पडताच मार खातो. आपली समीक्षा त्या कथेकडे विद्रोहाची कथा म्हणून पाहते, आणि ते बरोबरच आहे. पण ती परगावाचीही कथा आहे. जिथे कुणी ओळखत नाही असे गाव असणे, हीच त्यात चोरीची अट आहे. मुलीने पुस्तक परत करताना विचारले, की व्यापारी म्हणून वेगळी नोंदणी केली तर दुकानाचे नाव दिसेल का. दिसू शकते, मी म्हणालो. कागद करावे लागतील. जात चोरायलाही आता अर्ज भरावा लागतो, हा विचार मनात आला. तो मी तिला बोलून दाखवला नाही.

एवढ्यावरून रोखविरहित व्यवहार म्हणजे नवी वर्णव्यवस्था, असा निष्कर्ष आमचे काही तरुण मित्र काढतात. तो मला मान्य नाही. स्मरण आपल्या बाजूनेही साक्ष देते. ऊसतोडीची उचल घ्या. मुकादम नवराबायकोच्या कोयत्याला हातात रक्कम देतो. हंगाम संपला की किती दिले, किती फिटले, किती उरले हे त्याच्या वहीत असते आणि वही त्याच्या पिशवीत असते. तोडणाऱ्याच्या तोंडी शब्दाला कोण विचारतो? तीच उचल खात्यावर आली असती तर तारीख आणि आकडा दोघांच्याही हातात राहिला असता. (खाते मात्र बहुधा नवऱ्याचे असते आणि अर्धा कोयता बाईचा. हा वेगळा लेखाचा विषय आहे.) मी शिकत असताना शिष्यवृत्तीसाठी कारकुनाच्या टेबलापुढे उभा राहिलो आहे, आणि सहीच्या आधी शंभराची नोट ठेवलीही आहे. माझ्या विद्यार्थ्यांच्या खात्यावर आज पैसे परस्पर येतात. हा फायदा ज्याला किरकोळ वाटतो, तो त्या रांगेत कधी उभा राहिलेला नाही.

पण जमा झाले तर. आधार जुळले नाही, खाते निष्क्रिय पडले, की मुलगा महिनोन् महिने हेलपाटे घालतो. कारकुनाशी निदान भांडता येत होते. रोजगार हमीच्या मजुरीत २०२१-२२ या वर्षासाठी केंद्राने अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती आणि इतर असे वेगवेगळे हिशेब करायला सांगितले, तेव्हा एकाच चरात राबलेल्या मजुरांचे पैसे वेगवेगळ्या वाटेने निघाले. त्यावर टीका झाली. हातात नोट ठेवणाऱ्याला अशी वाटणी करायची तर माणसांना वेगवेगळे उभे करावे लागले असते, आणि ते चारचौघांना दिसले असते.

८ नोव्हेंबर २०१६ ला पाचशे-हजाराच्या नोटा रद्द झाल्या. बरोबर चार आठवड्यांनी ६ डिसेंबर आला. मी दादरला गेलो होतो. शिवाजी पार्कवरच्या पुस्तकांच्या दुकानांपुढे माणसे दोन हजारांची नोट घेऊन उभी होती आणि विक्रेत्यांकडे सुटे नव्हते. वर्षातून एकदा पुस्तक घेणारी माणसे ती. एका म्हाताऱ्या बाईने निवडलेली दोन पुस्तके परत ढिगावर ठेवली. आज त्याच ठिकाणी फोनवरून पुस्तके घेता येतात, हे कबूल केले पाहिजे. पण ज्यांच्याकडे तो फोन नाही, त्यांच्यावर पुन्हा ती वेळ येऊ नये, याची हमी कोणाकडे मागायची?

माझी भूमिका सोपी आहे, आणि ती काहींना अर्धवट वाटेल. मजुरी, उचल, शिष्यवृत्ती, अनुदान, म्हणजे जे पैसे वरून खाली येतात, त्यांचा माग राहिलाच पाहिजे. तो घेणाऱ्याला वाचता येईल अशा मराठीत राहिला पाहिजे. मीठमिरची, पोहे, पुस्तक, वर्गणी यांचा माग ठेवण्याचा अधिकार मी कुणालाही देऊ इच्छित नाही. तिथे नोट आणि नाणे नाकारता येऊ नये, आणि फोनवरून पैसे घेणाऱ्या छोट्या विक्रेत्याला कागदांचे डोंगर न चढता दुकानाच्या नावाने ते घेता यावेत. फसवणूक रोखायला आडनाव चारचौघांपुढे मांडावेच लागते, असे मला वाटत नाही. ते बँकेला ठाऊक असले की पुरे.

वर्गणी मुद्दाम म्हटले. यंदा आमच्या वस्तीतल्या जयंतीच्या मंडळाने क्यूआर लावला. हिशेबावरून भांडण झाले नाही, असे माझ्या आठवणीतले हे पहिले वर्ष. मात्र दोन सरकारी नोकर रात्री उशिरा घरी आले, पाकीट दिले आणि नाव लिहू नका म्हणाले. एकाची बदलीची फाइल वर अडकलेली आहे. खजिनदाराने पावतीवर 'एक हितचिंतक' असे लिहिले आणि पैसे पत्र्याच्या डब्यात टाकले.