‘मी गेले’ आणि ‘मी पाहिले’ : निवेदकाचे व्याकरण

मराठी साहित्याचा आणि मराठी व्याकरणाचा परिचय करून देणारी पुस्तके आपल्याकडे बहुधा एकाच बांधणीत दोन स्वतंत्र पुस्तके असतात. पूर्वार्धात लीळाचरित्रापासून साठोत्तरीपर्यंतचा प्रवास, उत्तरार्धात विभक्ती, प्रयोग, समास. आणि दोहोंमध्ये एक कोरे पान. दादोबा पांडुरंगांचे व्याकरण १८३६ साली आले, मोरो केशव दामल्यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ साली; पुढे मंगरूळकर, अर्जुनवाडकर यांनी प्रयोगविचाराची साधकबाधक चिकित्सा केली. परंतु या चिकित्सेतून साहित्यसमीक्षेने काय उचलले, असे विचारल्यास फारसे काही हाती लागत नाही. ‘प्रयोग’ हा शब्द समीक्षेत आला तो केवळ प्रयोगशीलतेच्या अर्थाने!

हे कोरे पान किती महागात पडते, हे दाखविण्यासाठी एकच उदाहरण घेतो. हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी १८९० पासून ‘करमणूक’मधून प्रसिद्ध होऊ लागली. एका पुरुष लेखकाने यमू या विधवेच्या तोंडून सांगितलेली ही आत्मकथा. हरिभाऊंच्या सहानुभूतीविषयी, सुधारकी दृष्टीविषयी, वास्तववादाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. पण ज्या भाषेत प्रथमपुरुषी क्रियापदच बोलणाराचे लिंग सांगते, त्या भाषेत शेकडो पृष्ठे स्त्रीचा ‘मी’ चालविणे म्हणजे काय, याचा विचार झालेला दिसत नाही. इंग्रजी कादंबरीकाराला ही अडचणही नाही आणि ही सोयही नाही.

आता व्याकरण काय सांगते ते पाहू. (पुढील वाक्ये कादंबरीतील नव्हेत, माझी आहेत.) ‘मी घरी गेले’, ‘मी रडले’, ‘मी घाबरले’ : येथे क्रियापद कर्त्याच्या लिंगाप्रमाणे चालते. ‘मी दार उघडले’, ‘मी पत्र वाचले’ : येथे ते कर्माकडे वळते आणि बोलणारी स्त्री की पुरुष हे वाक्यातून नाहीसे होते. ‘मला वाटले’, ‘मला आठवले’ येथेही तेच. ‘त्यांनी मला ओढले’ हा तर भावे प्रयोग. क्रियापद ना त्यांचे, ना तिचे. म्हणजे जाणे, येणे, रडणे, भिणे यांत निवेदिका ‘बाई’ असते; जगातल्या एखाद्या वस्तूवर ती काही करते, किंवा तिच्यावर कोणी काही करते, तेव्हा भाषा तिच्या बाईपणाविषयी मौन पाळते. अपवाद आहेत, आणि ते अपवाद फार बोलके आहेत. बोलणे, म्हणणे, शिकणे, विसरणे ही क्रियापदे कर्म घेऊनही कर्त्याशी इमान राखतात. ‘मी सांगितले’ यात लिंग नाही. ‘मी म्हणाले’ यात आहे. ‘मी धडा वाचला’ असे भाऊ आणि बहीण सारखेच म्हणतील. ‘मी धडा शिकले’ असे मात्र बहीणच म्हणेल. स्त्रीशिक्षण हा ज्या कादंबरीचा एक जिव्हाळ्याचा विषय आहे, तिच्या वाचकाने ‘शिकणे’ या धातूचे हे वागणे नजरेआड करावे, याचे नवल वाटते.

यावरून भाषेने स्त्रीवर अन्याय केला, असा घाईचा निष्कर्ष मी काढीत नाही. प्रयोगव्यवस्थेमागे इतिहास आहे, हेतू नाही. संस्कृतातील कर्मणि क्त-प्रत्ययान्त रूपांपासून आपला भूतकाळ घडला, म्हणून सकर्मक क्रियापद कर्माला बांधले गेले, इतकेच. मात्र हेतू नसलेल्या व्यवस्थेचाही लेखकाला उपयोग करता येतो, आणि तो केला की नाही हे पाहणे समीक्षकाचे काम आहे. शीर्षकच पाहा. प्रश्न विचारते ती स्त्री. पण ‘कोण’ या सर्वनामाबरोबर क्रियापद येते ते पुल्लिंगी, ‘घेतो’. हा केवळ भाषेचा रिवाज आहे, हे खरे. तरीही यमूने ज्यांच्याकडे पाहून हा प्रश्न विचारावा, ते बहुतेक पुरुषच होते.

आणखी एक गोष्ट ओघाने सांगायला हवी. जुन्या गद्यात रीतिभूतकाळ होता : ‘मी जाई’, ‘मी करी’, किंवा ‘मी जात असे’. या रूपांना लिंग नाही. आठवणी सांगणाऱ्या स्त्रीला येथे क्षणभर केवळ ‘मी’ होता येत असे. आज आपण सर्रास ‘मी जायचे’, ‘मी जायचो’ म्हणतो. सवयीच्या भूतकाळातही लिंग शिरले. लेखनाच्या बाजूनेही बदल झाला. १९६२ च्या नियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेले, आणि जुन्या छपाईतले स्त्रीचे ‘मी गेलें’ हे ‘ते गेले’मधल्या ‘गेले’पासून डोळ्यांना वेगळे दिसेनासे झाले. मी त्या अनुस्वारांचा कैवारी नाही. पण एकोणिसाव्या शतकातील गद्याची नवी आवृत्ती काढताना ‘जाई’चे ‘जायचे’ करणारा संपादक केवळ भाषा सोपी करीत नसतो. लेखकाने निवेदिकेला दिलेले लिंगमुक्त वाक्य तो काढून घेत असतो, आणि पदवीच्या वर्गात पोहोचते ती बहुधा नवी आवृत्तीच.